ग्रामसभेत पाण्याचा ठराव मांडायचाय, पण आमच्याच घरी ऊस आहे. कसं बोलावं?

कोरडवाहू_औसा

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या एका बारक्या गावातून लिहायलोय. प्रश्न शेतीचा वाटंल, पण खरा प्रश्न बोलण्याचा आहे.

झालंय असं की गावच्या पिण्याच्या विहिरीच्या आसपास गेल्या काही वर्षांत बोअरचा नुसता सपाटा लागलाय. एकानं सहाशे फूट मारलं की शेजारचा आठशे मारतो, आणि मार्च लागला की विहिरीचा तळ दिसतो, मग टँकर. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा वाटलं होतं आता तरी लोक शहाणे होतील, पण पुढं दोन पावसाळे बरे गेले की सगळे विसरले. तर येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मला ठराव मांडायचाय की विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन बोअर नको. एवढाच.

मला बोलता येत नाही अशातला भाग नाही. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेचे कप घरी आणलेले आहेत, १७ सप्टेंबरचं मुक्तिसंग्रामाचं भाषण दरसाल माझ्याकडंच असायचं. पण तिथं लेकरं टाळ्या वाजवायला बसलेली असतात आणि ग्रामसभेत माणसं भांडायला. "आदरणीय व्यासपीठ" म्हणलं की मागून कुणीतरी "बस की आता पुढारी" म्हणतंयच. त्यात आमच्या वडलांचा दीड एकर ऊस आहे, म्हणजे मी तोंड उघडलं की पहिला आवाज येणार, आधी तुझ्या बापाला सांग. आणि ते खोटं बी नाही. वरून गावात दोन पार्ट्या, कुणी काय मांडलं ह्यापेक्षा ते कुठल्या पार्टीतून आलं एवढंच बघतेत.

युट्यूबवर पब्लिक स्पीकिंगचे व्हिडिओ बघितले, सगळे हातवारे कसे करायचे आन् नजर कुठं ठेवायची तेच सांगायलेत. ते आमच्या पारावर चालत नाही. पटवून बोलायचं म्हणजे नेमकं करायचं काय, कुणी अनुभवी माणसानं सांगा.

स्पष्टवक्ता_परभणी

राव, राग मानू नका पण भाषणानं काय बी होत नसतंय. ग्रामसभेचा निकाल आदल्या रात्रीच लागलेला असतो. आणि गोड बोलून पटवणारे आपल्याकडं कमी आहेत का? दामदुप्पटवाला एक एजंट आमच्या गल्लीत यायचा, त्याच्याइतकं पटवून बोलणारा माणूस मी जन्मात बघितला नाही, लेकराच्या शिक्षणापासून सुरू करायचा आणि म्हातारपणावर आणून सोडायचा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी. अर्धी गल्ली बुडाली. त्या ग्रीक प्लेटोनं म्हणूनच वक्तृत्वाला आचाऱ्याच्या पंगतीत बसवलंय, वैद्याच्या नाही. जिभेला बरं लागतं, अंगी लागत नाही. त्यापेक्षा तहसीलला अर्ज द्या आणि मोकळे व्हा.

वकीलताई_लातूर

परभणीकर दादा, त्याच प्लेटोच्या शिष्यानं, ॲरिस्टॉटलनं, पुढं ह्याच विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात गुरूच्या ह्या तक्रारीला सरळ उत्तर दिलंय. म्हणणं साधं आहे. बोलण्याची ताकद वाईट माणूस वापरतो हे खरं, पण तशी ताकद पैशाचीही असते आणि मनगटाचीही. आणि खरी बाजू धड मांडली गेली नाही म्हणून हरली, तर दोष मांडणाऱ्याचाच. तुमच्या गल्लीत त्या एजंटासमोर उभं राहून तितक्याच सोप्या भाषेत "पैसा येणार कुठून" असं विचारणारं कुणी नव्हतं, खरी अडचण ती होती.

आता औसेकर दादांसाठी. मी रोज कोर्टात उभी असते, त्यामुळं हा फरक मला पटकन दिसतो. बोलण्याचे प्रसंग तीन, हेही ॲरिस्टॉटलचंच. कोर्टात झालेल्या गोष्टीवर बोलतात, कुणी केलं, चूक कुणाची. सभेत पुढच्या गोष्टीवर, काय करायचं, काय टाळायचं. आणि तिसरं म्हणजे सत्कार, पुण्यतिथी, तुमचं १७ सप्टेंबरचं भाषण, तिथं कुणाचा तरी गौरव किंवा निषेध. आपल्याकडच्या ग्रामसभा का फिसकटतात ते बघा. सभा असते पुढचं ठरवायला आणि दहाव्या मिनिटाला तिचं कोर्ट होतं. "पाणी कुणी संपवलं" हा प्रश्न निघाला की प्रत्येक जण आपापला बचाव करायला लागतो, आणि बचाव करणारा माणूस काहीच मान्य करत नसतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. शाळेत तुम्हाला तिसऱ्या प्रकारचं बोलायला शिकवलं, तुमच्या मनात राग आहे पहिल्या प्रकारचा, आणि काम आहे दुसऱ्या प्रकारचं. त्यामुळं बोलताना क्रियापदं भविष्यातली ठेवा. "मारली", "उपसलं", "संपवलं" बंद. "पुढच्या मार्चमध्ये काय होईल, आत्ता काय केलं तर होणार नाही" एवढंच.

वडलांच्या उसाचं तर मला उलट वाटतं. तो तुमचा कमकुवत दुवा नाही, तुमच्याकडं बोलायचं भांडवलच ते आहे. ऐकणारा मनातल्या मनात तीन गोष्टी तपासतो, ह्याला विषय कळतो का, हा सचोटीचा आहे का, आणि ह्याच्या पोटात माझ्याबद्दल बरं आहे का. ज्याच्या घरी ऊसच नाही त्यानं "ऊसवाल्यांनी असं करावं" म्हणलं तर तिसऱ्या परीक्षेत तो तिथंच नापास. तुमचं तसं नाही. फक्त ती गोष्ट दुसऱ्यानं काढायच्या आत तुम्ही काढा, पहिल्याच वाक्यात. मागच्या बाकावरून आली तर तो आरोप, तुमच्या तोंडून आली तर ती माहिती.

कायदा खिशात ठेवा. १९९३ च्या भूजल कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घेता येत नाही, म्हणजे तुम्ही मागताय ते नवीन काहीच नाही. पण सुरुवातच कायद्यानं केली की माणसाला धमकी दिल्यासारखं वाटतं. शेवटी सांगा, तेही नरमाईनं.

निवृत्त_मास्तर_नांदेड

ताईंनी छान सांगितलं. मी थोडं घरचं सांगतो. नांदेडला आमच्या पिढीनं कुरुंदकर गुरुजींना ऐकलंय, पटो न पटो, ऐकत बसावं वाटायचं. त्या वयापासून मला एक नाद लागला, वक्ता विषयाला कुठून हात घालतो ते बघायचा.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नाही, तर्काच्या जुन्या शास्त्रात, वादाचे तीन प्रकार सांगितलेत. वाद म्हणजे दोघांनाही खरं काय ते शोधायचंय. जल्प म्हणजे दोघांनाही जिंकायचंय. वितंडा म्हणजे समोरच्याला स्वतःचं काही म्हणायचंच नाही, फक्त तुमचं पाडायचंय. ग्रामसभेत तिन्ही नमुने शेजारी शेजारी बसलेले असतात आणि नवखा माणूस तिघांनाही एकाच पट्टीत उत्तर देत सुटतो. पहिल्याशी मन लावून बोला. दुसऱ्याला जिंकल्याचं समाधान मिळेल अशी एखादी बारीकशी दुरुस्ती ठरावात घ्या, "कलम सुचवलं अमुक भाऊंनी" असं मोठ्यानं म्हणा. तिसऱ्याचं नंतर सांगतो.

दुसरं, उदाहरण. त्याच शास्त्रात दृष्टांताची व्याख्या काय केलीय बघा, ज्या गोष्टीबद्दल साध्या माणसाची आणि जाणकाराची समजूत एकच असते तो दृष्टांत. म्हणजे उदाहरण आधीच मान्य असलं पाहिजे, ते सिद्ध करत बसायची पाळी आली की ते उदाहरण राहत नाही, दुसरं भांडण होतं. भूजलाचे नकाशे, टक्केवारी हे जाणकाराला पटेल, पाराला नाही. तुमच्याच गावात एखादा हापसा असेल जो शेजारी बोअर झाल्यावर बंद पडला आणि सगळ्या गावानं ते बघितलं. असा एक हापसा मिळाला तर बाकी काही शोधू नका.

गोदाकाठ_पैठण

मास्तरांच्या दृष्टांतावरून आठवलं म्हणून, आपल्या मराठवाड्याच्या मातीत हे काम तेराव्या शतकातच झालंय की. चक्रधर स्वामींचे दृष्टांत केशिराजबासांनी गोळा केले तो दृष्टांतपाठ बघा, आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. म्हणजे आधी एका ओळीत मुद्दा, मग गोष्ट, आणि मग त्या गोष्टीतलं काय मुद्द्याला लागू पडतं ते. आपले लोक गोष्ट तर झकास सांगतात पण शेवटची पायरी गाळतात, मग ऐकणारा हसतो आणि घरी जातो, कशासाठी सांगितलं ते कळतच नाही.

आणि नाथांचं बघा. एकनाथ महाराजांनी भारुडं रचली त्यात जोशी बोलतो, वासुदेव बोलतो, गोंधळी बोलतो. "मी पंडित सांगतो ते ऐका" नाही, रोज दारात येणारा माणूस त्याच्याच बोलीत बोलतोय, त्यामुळं लोकांनी दार लावलं नाही. माझे काका कीर्तन करायचे, उपदेश करताना "तुम्ही" कधी म्हणायचे नाहीत, लोभी माणसाची गोष्ट असली की "आमच्यासारखा एक" म्हणून सुरुवात. सभा हसायची आणि खरा लोभी पण बिनधास्त हसायचा, तेवढ्यात ते मुद्दा घालायचे. औसेकर, तुमच्याकडं तर खराच ऊस आहे, तुम्हाला "आमच्यासारखा एक" असं नाटक करायची पण गरज नाही 😄

कोरडवाहू_औसा

लई आभार सगळ्यांचे. हापसा आहे! शाळेच्या पाठीमागचा. त्याच्या पलीकडं बोअर झाली त्याच उन्हाळ्यात तो कोरडा पडला, आता पोरं त्याच्यावर बसून गप्पा मारतात. रात्री बसून थोडं लिहून काढलंय, बघा बरं:

"आदरणीय सरपंच साहेब आणि माझ्या ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, पाणी हेच जीवन आहे. आज आपली धरणीमाय तहानेनं व्याकूळ झाली आहे. माझ्या घरी ऊस आहे हे मी मान्य करतो. परंतु काही स्वार्थी लोकांनी हजार हजार फूट बोअर मारून गावाच्या पाण्यावर दरोडा घातला आहे. हिवरे बाजारनं करून दाखवलं, मग आपण का नाही? चला तर मग, आज आपण शपथ घेऊ या..."

निवृत्त_मास्तर_नांदेड

बाळा, कप अजून अंगातनं गेला नाही 🙂 एकेक वाक्य घेतो.

"पाणी हेच जीवन" कुणी नाकारतंय का? ज्यावर वाद नाही ते ऐकवलं की लोक समजतात भाषण सुरू झालं आणि तंबाखूची पुडी काढतात. धरणीमायला सुट्टी द्या.

"काही स्वार्थी लोकांनी" हे सगळ्यात महाग वाक्य. नाव घेतलं असतं तर एक माणूस भांडला असता, "काही" म्हणल्यामुळं बोअरवाला प्रत्येक जण ते अंगावर ओढून घेणार, तुमचे वडील धरून.

हिवरे बाजारचं काम मोठंच आहे, शेतीसाठी बोअर नाही हा नियम त्यांनी पाळून दाखवला. पण ते गाव नगर जिल्ह्यात. मागून उत्तर तयार असतं, "त्यांना पोपटराव मिळाले, आम्हाला तू मिळालास." जरा अलीकडं या. जालन्याचं कडवंची घ्या, पाणलोट आणि शेततळ्यांवर द्राक्षं उभी केली त्यांनी, तिथला पाऊस आपल्यासारखाच बेभरवशाचा. पण खरं विचाराल तर हापसा असताना कडवंचीची पण गरज नाही, कुणी विचारलं तरच काढा.

आणि "मग आपण का नाही?" असा प्रश्न सभेत टाकायचा नसतो. त्याला दहा उत्तरं येतात, पैसे नाहीत, वेळ नाही, सरपंच धड नाही. टिळकांनी १८९७ साली अग्रलेखाचा मथळा दिला, सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय? वाचणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच बसलेलं होतं, मथळ्यानं फक्त ते बाहेर काढलं. ज्या प्रश्नाला सभेत एकच उत्तर येणार तेवढाच विचारा. उदाहरणार्थ, "शाळेच्या हापशाला शेवटचं पाणी कधी आलं?" हा विचारा आणि गप्प बसा. सभेलाच बोलू द्या.

अंगणवाडीताई_रेणापूर

मी एवढं शास्त्र शिकलेली नाही पण एक सांगू का दादा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तुमच्याकडं होते का नुसत्या सह्या घेतात? आमच्याकडं आधी सह्याच घ्यायचे. तिथं हा विषय घ्या. पाणी कुणी भरतं, बायाच ना. तुम्ही कितीही चांगलं बोललात तरी उन्हाळ्यात पहाटे उठून टँकरच्या नंबराला घागरी लावणारी बाई बोलली तर तिला "आधी बापाला सांग" कोण म्हणणार? आमच्याकडं एक मावशी उभी राहिली, कधी बोललेली नाही सभेत, पदर सावरत म्हणाली, बोअर खोल गेली तशी हीर आटली, हीर आटली म्हणून टँकर आला, टँकर आला म्हणून नातीला नंबराला बसवलं, नात नंबराला बसली म्हणून तिची साळा गेली, आता सांगा बोअर कुणाच्या पैशानं झाली. बसली खाली. कुणाला काही बोलता आलं नाही.

निवृत्त_मास्तर_नांदेड

ताई, त्या मावशींना नमस्कार सांगा. त्या जे बोलल्या त्याला संस्कृत काव्यशास्त्रात कारणमाला म्हणतात, आधीचं पुढच्याचं कारण आणि ते त्याच्या पुढच्याचं. जोतीराव फुल्यांचं "विद्येविना मती गेली" असंच आहे, १८८३ च्या शेतकऱ्याच्या असूडातलं, विद्येपासून निघून पायरी पायरीनं थेट खचलेल्या माणसापर्यंत येतं. ह्या रचनेची गंमत अशी की पहिली कडी मान्य केली की मधे कुठं थांबावं ते ऐकणाऱ्याला सापडत नाही. पण प्रत्येक कडी खरी पाहिजे हो. एक जरी ओढून-ताणून जोडली की लोक नेमकी तीच धरतात. मावशींची एकही कडी ऐकीव नव्हती, म्हणून सभा गप्प बसली.

वकीलताई_लातूर

मी मसुदा करून बघते, औसेकर, तुमच्या बोलीत फिरवून घ्या:

"आमच्या घरी दीड एकर ऊस आहे, सगळ्यांना माहीत आहे. हा ठराव झाला तर उद्या आमची बोअर आटल्यावर त्या पट्ट्यात आम्हाला नवीन मारता येणार नाही, म्हणजे पहिले हात माझेच बांधले जातात. जुनी बोअर कुणाचीच बंद करा म्हणत नाही. फक्त विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन नको. शाळेच्या हापशाला शेवटचं पाणी कधी आलं, सांगा बरं कुणीतरी. (इथं थांबा.) तीच गत विहिरीची झाली तर पुढचा मार्च आपण टँकरवर काढणार, आणि टँकर आपल्या सोयीनं येत नसतो. कायद्यातही ही अट आहेच, पण बाहेरून कुणी येऊन आपल्याला थांबवण्यापेक्षा आपणच ठरवलेलं बरं. ठराव वाचून दाखवतो."

संपलं. दोन मिनिटं पण लागत नाहीत. "जुनी बोअर बंद करा म्हणत नाही" हे वाक्य गाळू नका, सभेतल्या निम्म्या लोकांची भीती तीच असते आणि ती गेल्याशिवाय पुढचं काही कानात शिरत नाही. आणि हे वडलांना आधी घरी वाचून दाखवा, सभेत पहिल्यांदा ऐकायला लावू नका.

स्पष्टवक्ता_परभणी

हे बरं आहे. ह्यात आचारी दिसला नाही मला. पण माझा मुद्दा तसाच आहे, आदल्या रात्री दोन्ही पार्ट्यांतला एक एक माणूस गाठा. सूचक एका पार्टीचा, अनुमोदक दुसऱ्या पार्टीचा घेतला की "हे कुणाचं" हा प्रश्नच मिटला. ठरावावर तुमचं नाव नसलं तरी काय बिघडतंय.

कोरडवाहू_औसा

हे लई भारी सांगितलं, अनुमोदकाचं डोक्यातच नव्हतं. मास्तर, तिसऱ्या नमुन्याचं राहिलं सांगायचं. आमच्याकडं एक अप्पा आहेत, कुठलाही विषय असू द्या, उभं राहतेत आणि "ह्याच्यानं काय होणार", "आधी रस्त्याचं बघा", "पाऊसच पडंना तर बोअर काय करील" असं चालू ठेवतेत, अर्धा तास जातो आणि लोक उठून जातेत.

निवृत्त_मास्तर_नांदेड

वितंडा करणाऱ्याची दुखरी नस ही की त्याला स्वतःची बाजू नसते. म्हणून त्याच्या आक्षेपांना उत्तरं देऊ नका, एकाला दिलं की तो पुढचा काढणार, त्याच्याकडं पोतं भरून आहेत. त्यालाच बाजू घ्यायला लावा. शांतपणे म्हणा, "अप्पा, बरोबर आहे, मग विहिरीसाठी काय करावं तुम्ही सांगा, ग्रामसेवक लिहून घेतील, तुमच्या नावानं ठराव करू." एक तर ते खरंच काहीतरी सुचवतील, मग ते पहिल्या प्रकारात, वादात आले, त्यांच्याशी बोलता येईल. नाही तर खाली बसतील. हे म्हणताना आवाजात खोच नको बरं का, लेखणी उघडून खरंच लिहायच्या तयारीत दिसा.

वकीलताई_लातूर

आणि गणपूर्ती बघा. १५ टक्के मतदार किंवा १००, ह्यातले जे कमी असतील तेवढे हजर लागतात. नाही भरले तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, तिथं चार डोकी ठरवतात, त्यामुळं तुमची माणसं त्या दिवशीही हजर पाहिजेत. विषय आधीच लेखी देऊन पोच घ्या. ठरावात विहिरीचा गट नंबर टाका, ५०० मीटर कुठून मोजायचे ते लिहा, आणि इतिवृत्तात काय लिहिलंय ते सही व्हायच्या आधी मोठ्यानं वाचायला लावा.